चौथा खण

पेटीतला उजेड काही केल्या वाढेना. भाची रंगमंचाच्या कडेला पालथी पडून मागच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढत होती. दुपारचं नाट्यगृह रिकामं होतं. झरोक्यातून आलेली उन्हाची पट्टी खुर्च्यांवरून सरकत होती आणि तिच्यात धूळ अशी तरंगत होती, की जणू तिला कुठे पोहोचायचंच नाही.

पेटी बुटांच्या खोक्याएवढी. तिला आठ खण, प्रत्येक खणामागे एलईडींची एक ओळ. तीन खणांत काळ्या रंगाने माखलेल्या काचा होत्या आणि त्यांवर मामीने सुईने अक्षरं कोरली होती : ‘नदीला’, ‘धाकटीने’, ‘परंतु’. नव्या नाटकात मामा नेमके या तीन ठिकाणी अडत. पूर्वी मामीने विंगेतून नुसतं कुजबुजलं की भागायचं. आता मामांच्या कानांनी रजा घेतली होती. त्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, तर शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं असतं. म्हणून भाचीने ही पेटी करून दिली होती. मामीने विंगेत त्या-त्या खणाचं बटण दाबायचं, मामांच्या पायापुढे शब्द उजळायचा. प्रेक्षकांना दिसायची ती फक्त पेटीची पाठ.

पण शब्द उजळत नव्हता, मिणमिणत होता. मंचावरचे दिवे लागले की तेवढाही दिसेनासा व्हायचा. आणि संध्याकाळी पहिला प्रयोग होता.

सकाळपासून भाचीने एलईडी बदलले, तारा बदलल्या, व्होल्टेज मोजलं. ते पाचाला पाच होतं. करंट ठरवणारा रेझिस्टर आधीच इतका लहान होता की आणखी कमी केला असता तर हे दिवे चालवणारी चिप भाजून निघाली असती. शेवटी तिने चिपला दिलेल्या सूचना लॅपटॉपवर पहिल्यापासून वाचायला घेतल्या, आणि तिसऱ्याच ओळीवर कपाळाला हात लावला.

"सापडलं," ती मोठ्याने म्हणाली.

मंचाच्या मधोमध पुटपुटत उभे असलेले मामा जवळ आले. मामीही विंगेतून आली.

"ही चिप एका वेळी एकाच खणाकडे बघते, मामा. एक झाला की दुसरा, मग तिसरा. इतकं भरभर, की आपल्याला सगळे एकदम लागल्यासारखे वाटतात."

"म्हणजे डोळ्यांत धूळ. आमच्याच धंद्यातली दिसते."

"हो, पण तिला मी आठ खण सांगितलेत. शब्द आहेत तीन. उरलेल्या पाच खणांपाशीही ती तेवढाच वेळ थांबते. तिथे कोणी नाही, तरी. म्हणून तुमच्या शब्दाच्या वाट्याला आठवा हिस्सा येतो."

"मग सांग तिला, तीनच आहेत म्हणून."

भाचीने की-बोर्डवर बोटं ठेवली. मामीने हळूच तिचा हात धरला.

"आठ मीच मागितले होते," मामी म्हणाली. आवाज जेमतेम भाचीपर्यंत पोहोचेल एवढाच. "आज तीन आहेत. गेल्या महिन्यात एकच होता. पुढे लागतील गं."

भाचीने पेटीतल्या रिकाम्या खणांकडे पाहिलं. पाची खणांत अंधार होता, आणि घासूनपुसून स्वच्छ ठेवलेला होता.

"पुढचं पुढे बघू," मामा म्हणाले.

मामी दचकली. "ऐकू आलं तुम्हाला?"

"ऐकू कशाला यायला हवं? चाळीस वर्षं तुझ्या ओठांकडेच बघत आलोय. विंगेत अंधार असतो म्हणून, नाहीतर या खोक्याची गरजच नव्हती." मग ते खाली बसले, गुडघ्यावर हात टेकवत, अगदी सावकाश. "अगं, पुढच्या नाटकाचे शब्द राखून ठेवायचे म्हणून आजचे अंधारात बोलू का?"

मामीने भाचीचा हात सोडला.

"तीनवर आणलं तर सगळा भार तीनच पायांवर येऊन चिप फार तापेल," भाची म्हणाली. "चार ठेवते. उजेड दुप्पट होईल. एक खण तेवढा रिकामा राहील."

"बघा," मामी मामांकडे पाहून म्हणाली, "यंत्रालासुद्धा एक खण शिल्लक लागतो."

भाचीने आकडा बदलला. ‘नदीला’ असा लख्ख लागला की मामांच्या हनुवटीवर त्याचा उजेड पडला. त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटला, लहान मूल पाटीवरचं वाचतं तसा.

मामीने पिशवीतून काळी केलेली एक जास्तीची काच काढली, सुई काढली. "चौथ्यात काय कोरू? दुसऱ्या अंकातला तो पत्राचा भाग? तिथेही काल थोडे रेंगाळलात."

मामांनी मान हलवली.

"काही कोरू नकोस. रंग पुसून टाक."

"मग वाचणार काय?"

"वाचायचं नाही काही. तू बसली आहेस एवढं कळलं, तरी पुष्कळ आहे."

मामीने पदराच्या टोकाने काच पुसली. रंग वाळला होता, वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मग ती काच खणात सरकवून विंगेतल्या अंधारात आपल्या स्टुलावर जाऊन बसली. मामा मधोमध उभे राहिले. भाचीने मंचावरचे सगळे दिवे लावले.

मामा बोलू लागले. पहिलं पान सरळ गेलं, दुसरंही गेलं. मग एका वाक्याच्या मध्यावर ते थांबले. डोळे कुठेतरी लांब लागले, हात अर्धा उचललेला तसाच राहिला. रिकाम्या नाट्यगृहात काहीच हललं नाही. आता ‘धाकटीने’ लागेल म्हणून भाचीने पेटीकडे पाहिलं.

लागली ती कोरी काच. अक्षर नाही, खूण नाही, नुसता पांढरा उजेड.

मामांनी तो पाहिला. हात सावकाश खाली आला, आणि ते अडलेलं वाक्य पुढे बोलू लागले.