डोमाजींची टिचकी

फोन पुन्हा कटला. डोमाजींच्या हातात नवा बिनतारी हँडसेट तसाच राहिला. सकाळपासूनची ही चौथी वेळ. पलीकडे राजेगावचे शेठ होते आणि त्यांना मिलचे मॅनेजर गुणाकर साहेबांशीच बोलायचं होतं. आलेला फोन जोडून देणं हेच डोमाजींचं काम.

साहेब केबिनबाहेर आले. "डोमाजी, आपण दोघं एकाच महिन्यात या राइस मिलमध्ये लागलो. अठ्ठावीस वर्षं झाली. मला जमतं, मग तुम्हाला का नाही? संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून गोदामाच्या गेटवर बसा. फोन हिशेबातला अंकित बघेल."

रामपायलीपासून गोंदियापर्यंतची माणसं डोमाजी नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायचे. गेटवर बसून काय ट्रकांचे हॉर्न ओळखायचे?

केबिनचं दार लागलं. थोड्या वेळाने आतून साहेबांचं "हॅलो, हॅलो!" ऐकू आलं आणि पाठोपाठ ओरडणं, "गोदामाला देत होतो, मध्येच कटला! डोमाजी!" डोमाजींनी तर फोनला हातही लावला नव्हता. पण आज मिलची वीज गेली असती तरी बोल त्यांनाच लागला असता.

कोपऱ्यात आम्रपाली लॅपटॉप उघडून बसली होती. डोमाजींचा आणि साहेबांचा असे दोन्ही नवे हँडसेट मिलच्या टेलिफोन यंत्रणेला जोडून द्यायला कंपनीने तिला पाठवलं होतं. डोमाजी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "पोरी, तू सांगितलेलं मले सारं पाठ हाय. पहिले ट्रान्सफरचं बटण, मंग साहेबाचा नंबर. तरी काहून कटते? माह्यं डोस्कं त नाही गेलं?"

"डोस्क्याचं राहू द्या, काका." तिने कपाटावरचा जुना तारेचा फोन काढून त्यांच्यासमोर ठेवला. "याच्यावर कसा देत होते साहेबाले? करून दाखवा बरं."

डोमाजींनी रिसीव्हर कानाला लावला. त्यांचा चेहराच खुलला. "हौ जी, थांबा, देतो साहेबाले," म्हणता म्हणता त्यांच्या बोटाने फोनच्या रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर हलकीशी टिचकी मारली. टिचकी मारली की समोरचा माणूस लाइनवर थांबायचा, मग नंबर दाबायचा. इतकी वर्षं मिलमध्ये असंच चाललं होतं.

"आता हेच याच्यावर." तिने नवा हँडसेट पुढे केला.

"हौ जी, थांबा..." आणि बोट आपोआप लाल बटणावर गेलं. फोन कट करायच्या बटणावर. डोमाजी आपल्याच बोटाकडे बघत राहिले. चोर सापडला होता आणि तो घरचाच निघाला होता.

"इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाईन, पोरी?" ते खचून म्हणाले.

हँडसेट लॅपटॉपला जोडून आम्रपाली दहा मिनिटं खुटखुट करत राहिली. मग म्हणाली, "घ्या. लावा राजेगावले."

डोमाजींनी लावला. "हौ जी, थांबा, देतो साहेबाले." टिचकी. नंबर. केबिनमध्ये घंटी वाजली आणि साहेबांचा आवाज आला, "बोला शेठ!" डोमाजींचे डोळे भरून आले. त्यांनी हँडसेट दोन्ही हातांनी धरून ठेवला.

बोलणं संपवून साहेब आपला हँडसेट घेऊनच बाहेर आले. "जमलं म्हणायचं! काय शिकवलंस यांना?"

"काकाले काही नाही शिकवलं, सर. फोनले शिकवलं," आम्रपाली म्हणाली. "काकाची जुन्या फोनवरची टिचकी लाल बटणावर पडून राह्यली होती. आता टिचकी मारली त फोन थांबते. दाबून धरलं तरच कटते."

साहेबांनी हातातल्या हँडसेटकडे पाहिलं. मग लाल बटणावर टेकलेल्या आपल्या बोटाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी आपला हँडसेट हळूच तिच्याकडे सरकवला.

"यालाही शिकव," साहेब म्हणाले.