दहा किलोची चकती
प्लोवदिवच्या भाजीबाजारात माझ्याकडून मिरच्या घेणारी म्हातारी ओरडली, "तुझा काटा खोटा आहे!" मी मागच्या घरातून व्यायामाची दहा किलोची चकती आणून काट्यावर आदळली. काट्यानं सहा दाखवले. शेजारणीच्या काट्यावरही सहाच. म्हातारी माझ्या पांढऱ्याफटक पडलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "काटा खरा आहे पोरी, नवरा तपासून घे." "रुमेन, दहाचा आकडा तू रंगवलास?" "तुला हुरूप यावा म्हणून, त्स्वेता." हुरूप! मधुमेहात वजन उतरवताना स्नायू झडू नयेत, म्हणून वर्षभर हीच वजनं उचलली. डॉक्टरीणबाई दर खेपेला झापायच्या, "स्नायू झडतायत, तुम्ही व्यायाम चुकवता." मी शपथा घ्यायचे, आणि हा, एकेकाळचा वेटलिफ्टर, शेजारी बसून मान डोलवायचा. डॉक्टरीणबाईंच्या बाजूनं. "आत्ताच त्यांना खरं सांग." "दवाखान्यात सगळे ओळखतात मला. इज्जत काय राहील?" मी चकती त्याच्या छातीवर रेटली. "उचल, आणि चल दवाखान्यात."