रविवारचं गाऱ्हाणं

माणसाचं नुसतं ऐकून कसं घ्यावं, हे समुपदेशकांना शिकवायचं कसं, यावर प्रतिभाची पीएच.डी. चालली होती. सरावासाठी निमोण्यात दर रविवारी सासूबाई, कुशाबाई, तिच्यासमोर बसायच्या आणि जावेचं, पार्वतीबाईचं, नवं गाऱ्हाणं सांगायच्या. दोघी जावांचा बारा वर्षांचा अबोला. प्रतिभा सल्ला न देता ऐकायची आणि लिहून घ्यायची. असं दोन वर्षं चाललं.

पुण्यात तोंडी परीक्षेला, जावेनं बाळंतिणीच्या अंगावरची घोंगडी ओढून नेली तो प्रसंग ऐकून परीक्षकांनी डोळे पुसले आणि तिला पास केलं. तिनं धावत एसटीडी बूथ गाठला आणि गावच्या डेअरीत फोन लावला; सासूबाई तिथं वाट बघत बसल्या होत्या.

"आत्याबाई, मिळाली पीएच.डी.!"

पलीकडं दोन बायका एकदम किंचाळल्या.

"दुसरं कोण आहे तिथं?"

"पार्वती हाय की. पयल्या रविवारी तुझ्याम्होरं मन मोकळं केलं आन् सोमवारीच आमचं मिटलं."

"अहो, मग दोन वर्षं मला काय सांगत होतात?"

"मिटलं म्हणलं असतं तर तुझा अभ्यास थांबला असता न्हवं? म्हणून आम्ही दोघी दर शनिवारी बसून उद्याचं भांडण जुळवायचो."

प्रतिभा बूथमध्येच खो खो हसत सुटली. तेवढ्यात पार्वतीबाईंनी तिकडं फोन हिसकावून घेतला.

"सूनबाई, ते घोंगडीचं माझं व्हतं बरं का! सायबास्नी आवडलं का?"