वेदनापट्टा

पेशंटचं दुखणं शिकाऊ डॉक्टरच्या अंगात उठवणारा पट्टा परीक्षेला सक्तीचा होता. तरी स्टुलावर बसलेल्या कुमुदताईंना निखिलेशचा भरवसा वाटेना. तो मागून त्यांचे मणके दाबत होता, पण कळवळण्याआधी पोरगा दर वेळी समोरच्या आरशात त्यांचं तोंड बघून घ्यायचा.

त्याचं बोट मानेवर आलं. तिथं त्यांना काहीच दुखत नव्हतं. त्या मुद्दाम ओरडल्या, "आई गं!"

"आई गं!" निखिलेशही कळवळला.

सापडला लबाड! कुमुदताईंनी परीक्षक सोहोनीबाईंकडे पाहिलं. पट्टा त्यांनीही बांधला होता, म्हणजे खरं काय ते त्यांना कळलंच असणार.

सोहोनीबाई स्वतःची मान चोळत म्हणाल्या, "बाप रे, फारच दुखतंय हो तुमचं!"