दार नसलेलं कुलूप

धुळ्यात पुलाखाली राहणारी भागाबाई रोज कामाला निघताना अंथरुणाजवळच्या लोखंडी गजाला कुलूप लावायची. दार नव्हतंच. "घर शे, तं कुलूप नको का?" ती म्हणायची. तिचा नवरा, पुना, दमलेलं हसायचा.

आज दिवसभर विटा वाहून दोघं परतली, तर कुलूप उघडं लटकत होतं. किल्ली भागाबाईच्या पदराला तशीच बांधलेली. समोर अंथरूण रिकामं दिसत होतं.

पुना पुढे झाला आणि त्याचं कपाळ आदळलं. चाचपलं, तर मोकळ्या हवेत फळी लागली.

घाबरायचंही त्राण नव्हतं. भागाबाईने फळीवर थाप दिली.

"कोण शे?" आतून तिचाच झोपाळलेला आवाज आला.

"झोपी जाय वं," आतला पुना वैतागून म्हणाला. "रस्तावरना लोके व्हतीन."