आईच्या कबरीवरची कुंडी

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," मनुसोस कुंभार म्हणाला, "पण महिनाभरात मी कुंडीला म्हातारी करून दाखवतो. आमच्या आजोबांनी एक रांजण इतका जुना केला होता, की हिवाळ्यात तो खोकायचा!"

झांबिया हसली नाही. "मला वीस वर्षांचीच पाहिजे, काका. आणि पावसात धुऊन जायला नको."

"धुऊन जायला मी काय रंग फासतोय?"

त्यानं भट्टीतून निघालेल्या लालभडक कुंडीला पातळ चुना लावला आणि तो अर्धवट सुकल्यावर तारेच्या ब्रशानं खरवडला. काठाचा एक टवका कानशीनं उडवला. मग विहिरीवरचं शेवाळ दह्यात कालवून अंगभर चोपडलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून कुंडी सावलीत ठेवली.

"रंग पहिल्या पावसात गुन्हा कबूल करतो, बये. शेवाळ जिवंत असतं, ते कबूल करत नाही. पण फसवायचं कुणाला?"

"दादाला," झांबिया म्हणाली.

कनाकिस तरुणपणीच क्रीट सोडून मेलबर्नला गेला. आई गेली तेव्हा त्याला येता आलं नाही. फोनवर त्यानं बहिणीकडे एकच मागणं मागितलं: आईच्या कबरीवर जिरॅनियमची कुंडी ठेव, तिला सुकू देऊ नकोस. झांबिया हो म्हणाली. सासर पलीकडच्या गावात, दफनभूमी डोंगरावर. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं. मग काही वर्षांनी पाद्रीबाबांचा निरोप आला, की तिथल्या रिवाजाप्रमाणे आईची हाडं कबरीतून काढून, वाइननं धुऊन पेटीत ठेवायची वेळ झाली. हे काम लेकीचं. झांबियाला धीर झाला नाही. दुसरा निरोप आला तेव्हा गुडघे दुखतात म्हणून कळवलं. तिसरा आलाच नाही. त्यानंतर त्या वाटेला तिचं पाऊल वळलं नाही. पुढे पाद्रीबाबाही वारले.

पण दर रविवारी कनाकिसचा फोन मात्र यायचा. "कळ्या धरल्यात, दादा." "यंदा फुलं नुसती लखलखतायत." एकदा सांगितल्यावर मागे कसं फिरणार?

आता कनाकिसचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी या एकाच प्रवासाची परवानगी दिली होती. उघडी माती बघून तो परत गेला, तर तेच मनात घेऊन मरेल. झांबियाला अन्नही गोड लागेना.

तो यायच्या आधी तिनं कबरीवरचं गुडघाभर गवत उपटलं. शेवाळलेली कुंडी क्रूसापाशी रोवली, आत फुललेलं जिरॅनियम लावलं.

कनाकिस काठी टेकत आला. आपली करामत बघायला मनुसोसही मागोमाग आला होता. कनाकिस कष्टानं गुडघ्यांवर बसला. त्यानं कुंडीवरून हळूहळू बोटं फिरवली.

"केवढी जुनी दिसते गं."

"वीस वर्षं झाली की, दादा."

"उन्हाळ्यात पाणी?"

"मीच घालते. दर शनिवारी."

मनुसोसला राहवलं नाही. "हिचं कौतुक काय सांगू! ज्या वर्षी बर्फ पडला ना, त्या वर्षी हा काठ उडाला. म्हटलं, सांधून देतो. तर अंगावर धावून आली माझ्या! म्हणे, आईच्या कुंडीला हात लावायचा नाही."

"असं म्हणाली?"

"देवाशप्पथ!"

कनाकिसनं टोपी काढली आणि फुटक्या काठावर ओठ टेकले. त्याचे खांदे गदगदले. झांबियाचेही डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा उतरला. तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको, दादा. तू आलास, आई खाली सगळं ऐकत असेल."

कनाकिसनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"खाली कोण आहे, झांबे? तू आली नाहीस, तेव्हा पाद्रीबाबांनीच हाडं धुतली आणि पेटी माझ्याकडे पाठवून दिली. आई तिकडे माझ्या फोनशेजारच्या फळीवर असते. दर रविवारी तू फुलं सांगायचीस, आणि आम्ही दोघं ऐकायचो."