कुटुंबप्रमुख

पिरंगुटच्या कंपनीनं शंभूची नाशिकला बदली केली, तशी गोजराक्कानं आपल्या अकरा कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या. आईबापामागं या भावापायी ती बिनलग्नाची राहिली. थोरली म्हणून रेशनकार्ड तिच्याच नावावर होतं. ते नाशिकला न्यायला ती शंभूसोबत पौडच्या कचेरीत आली. कारकुनानं शंभूचा अर्ज वाचला, “नावं कमी करणे: शंभू, पत्नी सायली, मुलगी प्राजक्ता.” “आन माजं राह्यलं की, सायेब,” अक्का हसली. शंभू चोरासारखा फरशीकडं बघत म्हणाला, “अक्का, तितं दोनच खोल्या हायेत.” “आपुन चौघं एकाच खोलीत व्हतो की रं.” कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला. “कुटुंबप्रमुखाचा अंगठा लागेल, मावशी.” “सही येती मला,” ती म्हणाली. दुसरीतल्या शंभूनंच ती अक्काला पाटीवर शिकवली होती. एकेक अक्षर जुळवत तिनं सही केली. कार्डावर तेवढंच नाव उरलं.